गोमंतकातील शाळा आणि शिस्त : छडीपासून कायद्यापर्यंत

देवालयाच्या अग्रशाळेचा उपयोग आज यात्रेकरूंच्या निवासासाठी, लग्नमुंजीसाठी आणि समाराधनेसाठी होतो. परंतु एके काळी गोमंतकातील कित्येक अग्रशाळांच्या ओसरीवरून सकाळ-संध्याकाळ मुलांचे पाढे ऐकू येत असत. मंदिरात घंटा वाजे आणि ओसरीवर छडी वाजे. दोहोंचा नाद एकाच आवारात घुमे, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नसे. घराघरांतील आजोबा-पणजोबांनी त्या छडीच्या आठवणी कौतुकाने सांगितल्या आहेत. 'आमच्या वेळी शिस्त होती' हे वाक्य तर प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ऐकविलेले आहे.

ही शिस्त म्हणजे नेमके काय होते? अपराध कोणता मानला जाई, शिक्षा कोणती होई, ती देण्याचा अधिकार कोणाचा होता आणि तिच्यातून शेवटी काय साधले, या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या आधाराने केल्यास काही अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. त्यांतील काही अभिमानास्पद आहेत, काही खाली पाहावयास लावणाऱ्या आहेत. महाजन कुळांच्या स्मृतिग्रंथात या दोहोंना जागा असणे उचित होय.

शास्त्रांनी घातलेली मर्यादा

गुरूने शिष्यास वाटेल तसे मारावे, अशी आपली परंपरा होती, असा एक सर्वसाधारण समज आहे. धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ पाहिले असता तो टिकत नाही. गौतम धर्मसूत्र सांगते की, शिष्याला वळण लावावयाचे ते ताडन न करता लावावे. ते अशक्यच झाले तर बारीक दोरी किंवा वेळूची चिरफळी वापरावी. याहून वेगळ्या साधनाने मारणाऱ्या गुरूला राजाने शासन करावे. म्हणजे मर्यादा ओलांडणारा शिक्षक हाच दंडास पात्र ठरतो. आपस्तंब धर्मसूत्रात शिष्याच्या दंडाची यादी आहे. धाक दाखविणे, उपवास करविणे, थंड पाण्याने स्नान करविणे आणि गुरूने आपल्यासमोर येण्यास मनाई करणे, हे ते दंड होत. अपराधाच्या मानाने आणि शिष्य सुधारेपर्यंतच ते द्यावयाचे आहेत. या यादीत छडीचे नावही नाही. मनुस्मृतीनेही शिकविताना वाणी मधुर असावी आणि अनुशासन हिंसेवाचून व्हावे असे म्हटले आहे. आठव्या अध्यायात दोरीची व वेळूची मुभा दिली आहे खरी, परंतु प्रहार पाठीवरच व्हावा, मस्तकावर कदापि होऊ नये, तसे करणारा चोराच्या पापाचा धनी होतो, अशी सक्त अटही घातली आहे.

व्यवहार मात्र शास्त्राबरहुकूम चालत होता असे नव्हे. पतंजलीच्या महाभाष्यात एका उपाध्यायाचा उल्लेख येतो. उदात्त स्वराच्या जागी अनुदात्त उच्चारणाऱ्या शिष्याला तो सरळ चपराक देतो. त्याच ग्रंथात गुरूचा मारणारा हात अमृताचा असतो, विषाचा नसतो, असा एक विचारही आढळतो. पुढील काळी हा अमृताचा हात फार सोयीचा ठरला. ज्याने मारले त्याने तो अमृताचा म्हणावा आणि ज्याने खाल्ले त्याने निमूट मान्य करावे, असा परिपाठ पडला. शास्त्राने घातलेली मर्यादा विसरली गेली आणि दिलेली मुभा तेवढी लक्षात राहिली.

देवळाच्या ओसरीवरील चार मुले

1623 साली पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी गोव्याहून दक्षिणेकडे निघाला. इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या दरबारी जाणाऱ्या पोर्तुगीज वकिलाच्या तांड्यात तो होता. वाटेत एका मुक्कामी, सामानाची बांधाबांध चालू असता, देवळाच्या ओसरीवर चार लहान मुले अंकगणित शिकत असलेली त्याने पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. एक मुलगा सुरात धडा म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत आकडा काढी. इतर तिघे त्याच सुरात तेच म्हणत आणि तसाच आकडा काढीत. वाळू भरली की हात फिरवून पुन्हा आरंभ होई. कागद लागत नसे, लेखणी लागत नसे.

पाहुण्याला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तेथे शिक्षक नव्हता. धडा गुरूकडून आधीच घेतलेला होता, घोकणे मात्र मुलांचे त्यांनीच चालविले होते. चुकलात तर सुधारणार कोण, असे त्याने विचारले. मुलांनी उत्तर दिले की, चौघेही एकाच ठिकाणी चुकणे संभवत नाही. एक चुकला तर बाकीचे त्याला सावरतील, म्हणून तर आम्ही एकत्र बसतो. हे उत्तर त्या प्रवाशाला पटले व त्याने ते आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले.

आपल्या प्रदेशाच्या जवळपास, देवळाच्याच आवारात, छडीवाचून चालणाऱ्या शिस्तीची ही नोंद आहे. पुढील चार शतकांचा वृत्तांत वाचताना ती विसरता कामा नये.

शेणवीमाम आणि पंतोजी

सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्ट व बार्देश या महालांतील देवळे पाडली गेली. श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा, श्रीम्हाळसा यांसारख्या दैवतांनी कुळांसह सीमा ओलांडून अंत्रुज महालाचा आश्रय घेतला. फोंडे महाल 1763 साली व पेडणे 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर जुन्या धर्मांतराच्या सक्तीचा जोर ओसरला होता. या नव्या काबिजादीत मराठी शिक्षणाची जी परंपरा टिकली ती सरकारने टिकविली नाही. देवालयांनी, मठांनी आणि खाऊनपिऊन सुखी घरांनी ती टिकविली. एखाद्या भाटकाराने आपल्या माडीवर अथवा महाजनांनी अग्रशाळेत मास्तरास जागा द्यावी, घरोघरच्या पाळीने त्याच्या जेवणाची सोय व्हावी, सणावारी तांदूळ-नारळ, धोतरजोडी मिळावी, अशी ती व्यवस्था होती. कोठे त्यास शेणवीमाम म्हणत, कोठे पंतोजी.

दसऱ्याला पाटीपूजन होऊन मूल शाळेत बसे. धूळपाटीवर मुळाक्षरे व बाराखडी गिरविणे, मग मोडी, पावकी-निमकी, सवायकी-दिडकीपासून औटकीपर्यंतचे पाढे, जमाखर्च, पत्रलेखन, आणि संध्याकाळी परवचा व रामरक्षा असा हा क्रम. अवघा अभ्यास मुखोद्गत करण्यावर आधारलेला असल्यामुळे विसरणे हाच मोठा अपराध ठरे. उशिरा येणे, बुट्टी मारणे, शिवी देणे, खोटे बोलणे हे त्याच्या पाठोपाठ येत.

शिक्षांची विविधता मात्र अभ्यासक्रमापेक्षा जास्त होती. हातावर छडी, बोटांच्या पेरांवर पट्टी, कान पिळणे, उठाबशा काढविणे, अंगठे धरून ओणवे उभे करणे व पाठीवर दगड ठेवणे, कोंडून ठेवणे, हे प्रकार जुन्या मराठी शाळेत सर्रास चालत. गैरहजर मुलाला आणावयास चार दांडगे विद्यार्थी जात आणि त्याची उचलबांगडी करून वाजतगाजत आणीत. वडीलही पोराला शाळेत घालताना मास्तरांना 'हाडे आमची, कातडी तुमची' अशा अर्थाचे काही बोलत आणि हा मास्तरांचा बहुमान समजला जाई.

या शाळांनी मोडी वाचणारे कारकून, कुळकर्णी, व्यापारी आणि कीर्तनकार घडविले. देवालयांचे जमाखर्च पिढ्यान्पिढ्या चोख राहिले, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या परवच्यास आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. छडीच्या भीतीने शाळा सोडून गेलेली मुले कोणाच्या आठवणीत राहिली नाहीत. 'मार खाल्ला म्हणून शिकलो' असे सांगावयास शिकलेलेच उरले. मार खाल्ला म्हणून ज्यांचे शिक्षण संपले, त्यांची साक्ष लिहून ठेवणारा कोणी नव्हता.

याहून कठोर अशी एक शिक्षा होती. ती अपराधावाचून दिली जाई. देवळाच्या आवारातील शाळेत सर्व जातींच्या मुलांस प्रवेश नव्हता. मंदिराच्या सेवेत आयुष्य घालविणाऱ्या कित्येक घरांतील मुलांना तो पाढ्यांचा नाद बाहेरूनच ऐकावा लागे. मुलींच्या वाट्यालाही तेच येई. छडीच्या माराचे वळ दोन दिवसांत जातात, दाराबाहेर ठेवल्याचे वळ पिढ्या उलटल्या तरी जात नाहीत. शिस्तीच्या इतिहासात या बहिष्काराची नोंद न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पाद्रींचे विद्यालय आणि पाल्मातोरिया

जुन्या काबिजादीत याच काळात निराळी व्यवस्था उभी राहिली. 1541 साली स्थापन झालेले व लवकरच जेझुइट पाद्रींच्या हाती गेलेले गोव्याचे सेंट पॉल विद्यालय हे तिचे केंद्र होय. 1559 साली निघालेल्या राजाज्ञेने आईबाप व आजीआजोबा नसलेली हिंदू मुले या विद्यालयाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला. अनाथांच्या पालनाच्या नावाखाली धर्मांतराचे हे साधन होते. कुळांच्या स्थलांतरामागील कारणांत त्याचीही गणना करावी लागेल.

जेझुइटांच्या शाळांना 1599 साली एक सविस्तर नियमावली मिळाली. जगभर पसरलेल्या त्यांच्या विद्यालयांस ती लागू होती. तिच्यात शिस्तीविषयी एक चमत्कारिक व्यवस्था आहे. शिकविणाऱ्या पाद्रीने स्वतःच्या हाताने विद्यार्थ्यास मारू नये. मारणे आवश्यकच झाले तर त्यासाठी संघाबाहेरचा एक माणूस नेमावा. गुरूविषयी मुलाच्या मनात द्वेष उत्पन्न होऊ नये हा त्यातला हेतू. दंड देणारा आणि विद्या देणारा हे निराळे असावेत हा विचार त्या काळी पुढारलेला म्हणावा लागेल, जरी मार खाणाऱ्याच्या पाठीला त्याने फारसा फरक पडत नसला तरी. 1759 साली पोर्तुगालच्या राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि त्यांची विद्यालये बंद पडली.

पुढे सरकारी पोर्तुगीज प्राथमिक शाळा आल्या, आणि त्यांच्याबरोबर पाल्मातोरिया आली. लांब दांड्याची, पुढे गोल चकती असलेली ही लाकडी थापी. चकतीला बहुधा पाच भोके पाडलेली असत. पोर्तुगालातील मुलांनी तिला 'पाच डोळ्यांची पोर' असे टोपणनाव दिले होते. हात पुढे करावयाचा, तळवा वर ठेवावयाचा, आणि चुकांच्या संख्येइतके फटके घ्यावयाचे. श्रुतलेखनात पाच चुका तर पाच फटके, असा हा रोखठोक हिशेब होता. 'प्रिमेर ग्राव' आणि 'सेगुंद ग्राव' या परीक्षांची तयारी पुष्कळ ठिकाणी तिच्याच साक्षीने होई.

भाषा हा स्वतंत्र अपराध होता. 1684 साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तीन वर्षांच्या आत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. हुकूम अंमलात येणे शक्य नव्हते आणि आलाही नाही. पण त्यामागची वृत्ती शाळेत टिकून राहिली. शाळेच्या आवारात आईची भाषा तोंडातून निघाली तर दंड किंवा फटका मिळे. पुढे काही इंग्रजी शाळांतूनही हाच नियम चालला. चोरी केली, मारामारी केली म्हणून शिक्षा झाली तर मूल आपल्या कृत्याची लाज बाळगते. घरी जे बोलतो तेच बोलल्याबद्दल शिक्षा झाली तर ते आपल्या घराची लाज बाळगू लागते. या दोन शिक्षांना शिस्त हे एकच नाव देणे हीच मोठी गफलत होती.

लिसेंवाची शिस्त

1854 साली पणजी येथे लिसेंव अथवा लायसियम सुरू झाले. गोमंतकातील माध्यमिक शिक्षणाचे ते शंभरांहून अधिक वर्षे मुख्य पीठ होते. येथील शिस्त पाल्मातोरियाची नव्हती. ती नोंदवहीची होती. वर्गशिक्षकाच्या वहीत प्रत्येक तासाची हजेरी लागे. गैरहजेरीला 'फाल्त' म्हणत. वर्गात दंगा करणाऱ्यास प्रोफेसर बाहेर जाण्यास सांगत आणि त्याच क्षणी त्याच्या नावावर फाल्त पडे. एका विषयात ठराविक संख्येपेक्षा जास्त फाल्ती झाल्या की वर्ष बुडे, मग त्या विषयात कितीही गुण असोत. गुण विसांपैकी देत आणि दहाला उत्तीर्ण. ताकीद, वर्गाबाहेर काढणे, काही दिवसांची बंदी, आणि अखेरीस शाळेतून उच्चाटन, अशी शिक्षेची पायरी ठरलेली असे. मोठ्या प्रकरणाचा निर्णय रैतोर, म्हणजे मुख्याध्यापक, घेत.

या पद्धतीत एक गुण होता. अपराध व दंड दोन्ही आधी लिहिलेले असत. मास्तरांचा त्या दिवशीचा राग किंवा घरचे भांडण यांचा विद्यार्थ्याच्या तळहाताशी संबंध उरला नाही. लिसेंवातून बाहेर पडलेल्या हिंदू तरुणांना वेळ पाळणे, अर्ज नीट लिहिणे, नियम वाचून मगच बोलणे या सवयी जडल्या त्या बऱ्याच अंशी या लेखी शिस्तीमुळे.

दोषही तेथेच होता. वहीला कारण कळत नाही. पावसाळ्यात तर चुकली म्हणून उशिरा पोचलेला मुलगा आणि हॉटेलात बसून राहिलेला मुलगा, दोघांच्या नावापुढे सारखीच खूण पडे. पणजीत बिऱ्हाड करण्याची ऐपत ज्यांना होती त्यांना ही शिस्त पाळणे सोपे होते. नदीपलीकडून रोज येणाऱ्याला तीच शिस्त महाग पडे. त्यातच सालाझारच्या राजवटीत, 1936 साली स्थापन झालेल्या 'मोसिदाद पोर्तुगेज' या युवक संघटनेचा गणवेश, कवायत आणि सलामी आली. चांगली वर्तणूक आणि राजनिष्ठा या दोन निराळ्या गोष्टी एकाच रकान्यात भरण्यास प्रारंभ झाला.

इंग्रजी शाळा आणि दाखल्यावरील रकाना

गोव्यातील पहिली इंग्रजी शाळा 1887 साली हडफडे येथे फादर लायन्स यांनी काढली. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले व 1911 साली धर्म आणि राज्य यांची फारकत करणारा कायदा झाला. हिंदू समाजाला मोकळा श्वास मिळाला आणि शिक्षणसंस्थांची एक लाटच उसळली. मूठमूठ तांदूळ जमवून उभी राहिलेली पणजीची मुष्टिफंड संस्था तर 1908 सालचीच. फोंडे येथे 1911 साली गोवा विद्याप्रसारक मंडळ निघाले. त्याच्या इंग्रजी शाळेला प्रजासत्ताकाचे पुढारी आंतोनियु जुझे द आल्मैदा यांचे नाव देण्यात आले. दादा वैद्यांसारख्या कार्यकर्त्यांनी या संस्थांसाठी जन्म वेचला.

या शाळा मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची तयारी करवीत. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील शाळेची सारी सामग्री येथे आली. बाकावर उभे करणे, शाळा सुटल्यावर डांबून ठेवणे, एकच वाक्य शंभर वेळा लिहून आणविणे, दंड, पालकांना चिठ्ठी, आणि हेडमास्तरांच्या खोलीतली वेताची छडी असा तो सरंजाम होता. शेवटचे शस्त्र म्हणजे 'रस्टिकेट' करणे.

या साऱ्यांहून दूरवर पोचणारी वस्तू दिसावयास अगदी साधी होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असे. त्यात 'वर्तणूक' असा मथळा आणि पुढे 'चांगली' असा एक शब्द. हा शब्द सहसा सर्वांनाच मिळे, म्हणून त्याचे मोल कोणाला कळत नसे. तो नाकारला गेला की कळे. दुसरी शाळा प्रवेश देत नसे, नोकरीच्या अर्जाला जोडावयाचा कागद अडून बसे. पंधराव्या वर्षी केलेल्या आगळिकीची भरपाई पंचविसाव्या वर्षी करावी लागे. छडीचा मार क्षणात संपे. रकान्यातील शब्द मात्र कायमचा होता. पुष्कळ सुज्ञ हेडमास्तर यामुळेच छडी मारीत, पालकांना बोलावीत, प्रसंगी दहा दिवस घरी बसवीत, परंतु दाखल्यावर हात राखून लिहीत. मुलाला शिक्षा करावी, त्याच्या भविष्याला करू नये, हे तारतम्य त्यांच्यापाशी होते. त्या पिढीतील शिक्षकांचा हा मोठेपणा छडीच्या आठवणींत झाकून जातो.

आज्ञाभंग आणि सदाचार

18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदीचा हुकूम मोडला. त्यानंतर गोमंतकातील विद्यार्थ्यांपुढे शिस्तीचा एक नवाच प्रश्न उभा राहिला. शाळेचा नियम सांगतो, सभेला जाऊ नका. सदसद्विवेक सांगतो, जा. पणजीच्या लिसेंवात शिकणारे रवींद्र केळेकर याच काळात चळवळीत ओढले गेले. पुढे ते कोंकणीचे थोर लेखक झाले. मराठी शाळा चालविणाऱ्या मित्रा बीर यांना विशीच्या आतबाहेरच बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. सरकारी दफ्तरात ही सारी बेशिस्त होती. 19 डिसेंबर 1961 नंतर तीच सन्मानाची बाब झाली.

यातून एक भेद स्पष्ट होतो. मुकाट्याने ऐकणे म्हणजे शिस्त नव्हे. केवळ भीतीपोटी नियम पाळणारा विद्यार्थी भीती संपताच नियम मोडतो. नियमामागील हेतू ज्याला पटला तोच प्रसंगी अन्याय्य नियमाविरुद्ध उभा राहतो आणि त्याची शिक्षाही उघडपणे सोसतो. म. गांधींचे एक उदाहरण येथे आठवते. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर एका दांडगट मुलाला त्यांनी रूळ मारला. मारताना त्यांचाच हात कापत होता. मुलगा रडला व त्याने क्षमा मागितली. तरी गांधीजींना त्या कृत्याचा पश्चात्ताप झाला आणि त्यांनी पुन्हा कधी मुलांवर हात उचलला नाही. आपण आपल्यातील पशू दाखविला, असे त्यांना वाटले. याची प्रांजळ कबुली त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

कायद्याचा काळ

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. पूर्वी ज्यांना ओसरीवर बसण्याची मनाई होती त्यांची मुले सरकारी शाळेच्या बाकावर येऊन बसली. गोमंतकाच्या शिक्षणात याहून मोठी घटना झाली नाही. छडी मात्र काही काळ तशीच राहिली. नव्याने शिकू लागलेल्या पहिल्या पिढीच्या पाठीवर ती अधिकच जड पडली असल्यास नवल नाही, कारण घरी अभ्यास घेणारे कोणी नसल्यामुळे चुका त्यांच्याच जास्त होत.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षेला शिक्षणपद्धतीत थारा नसावा असे नमूद केले. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1989 साली झाला व भारताने तो 1992 साली मान्य केला. शाळेची शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे असे त्याचे कलम सांगते. गोव्याने 2003 सालच्या आपल्या बाल कायद्यात सर्व शाळांतून शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. देशपातळीवर शिक्षणहक्क कायदा 2009 साली संमत होऊन 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. असे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकण्यास बंदी केली. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत नापास मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकण्याची मनाई मात्र कायम राहिली.

पाहता पाहता चाक पूर्ण फिरले आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या गुरूला राजाने शासन करावे, हे गौतमाचे सूत्र दोन सहस्रांहून अधिक वर्षांनी कायद्याच्या भाषेत परत आले. हे परदेशातून आणलेले खूळ आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्याच ग्रंथांची पाने उलटावीत.

शिक्षकांची अडचण तथापि खोटी नव्हे. छडी गेली, रस्टिकेशन गेले, नापास करण्याचा धाकही पातळ झाला. वर्गात चाळीस मुले, त्यांतले चार दंगेखोर, आणि रागावले तरी पालक जाब विचारावयास येतात. कायद्याने काय करू नये ते सांगितले, काय करावे याचा भार मात्र शाळेवर, समुपदेशकावर आणि पालकांवर टाकला. पूर्वी पालक मास्तरांना 'मारा' म्हणून सांगत, आज 'बोलूही नका' म्हणतात. दोन्ही प्रसंगी मुलाला वळण लावण्याचे घरचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचीच वृत्ती दिसते.

महाजनांचे कर्तव्य

देवालयाच्या महाजनांना नियम म्हणजे काय हे निराळे सांगणे नको. 1886 च्या आणि पुढे 1933 च्या माझानी कायद्याने देवस्थानांचा कारभार बांधला गेला. प्रत्येक देवस्थानाचा 'कोंप्रोमिस' ठरला. पालखीचा मान कोणाचा, हिशेब केव्हा सादर करावयाचा, समितीने चूक केल्यास परिणाम कोणता, हे सारे लिहिलेले आहे. ते पाळले जाते याचे कारण कोणी छडी घेऊन उभा आहे हे नव्हे. कुळांनी ते आपलेसे मानले आहे, आणि एकाने चूक केली तर दुसरा सभेत उठून ती दाखवितो, हे त्याचे कारण होय. याच तत्त्वावर शाळेचे नियमही उभे राहू शकतात. नियम थोडे असावेत, मुलांना आधी समजावून दिलेले असावेत, सर्वांना सारखे असावेत. दंड अपराधाच्या मानाने असावा, आणि तो भोगून झाल्यावर मुलाला पुन्हा पंक्तीत बसू द्यावे. आपस्तंबाने 'सुधारेपर्यंत' अशी मर्यादा घातली तिचा अर्थ हाच.

अनेक देवस्थाने आज शिष्यवृत्त्या देतात, गुणवंतांचा सत्कार करतात. हे योग्यच आहे. परंतु पहिल्या आलेल्या मुलाबरोबर, वाट चुकून पुन्हा शाळेत परतलेल्या मुलाच्या पाठीवरही कोणी हात ठेवावा. अग्रशाळेची एखादी खोली संध्याकाळच्या अभ्यासासाठी, कोणत्याही घरच्या मुलामुलीला उघडी राहील अशी ठेवावी. ज्या ओसरीने एके काळी काहींना आत घेतले आणि पुष्कळांना बाहेर ठेवले, तिचे जुने देणे त्यायोगे थोडेफार फिटेल.

देवळाच्या ओसरीवर वाळूत आकडे काढणाऱ्या त्या चार मुलांना दंडाचे भय नव्हते. एक चुकला तर इतर सावरतील एवढाच त्यांचा नियम होता, आणि तो त्यांना पुरला. तो नियम आपल्या मुलांनाही पुरावा, आणि तो त्यांना शिकविण्याची बुद्धी वडीलधाऱ्यांना व्हावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.